वूडांगशान: केबल कार सोडा, नानयानवरून पायी चढा

झुळूक

मागे एका धाग्यावर चीनमधल्या देवळांचा विषय निघाला होता. तेव्हा "वेगळा धागा काढते" म्हणून वेळ मारून नेली होती. आज टंकाळा झटकून बसलेय. लांबणार आहे, चहा घेऊन या.

वूडांगशान ही हूबेई प्रांताच्या वायव्येची डोंगररांग. ताओ पंथाचं मोठं क्षेत्र, १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. सगळ्यात उंच शिखर त्यानझू, १६१२ मीटर. आकडा ऐकून ट्रेकर मंडळी नाक मुरडतील, पण इथे उंचीपेक्षा वाट महत्त्वाची. माझं म्हणणं एवढंच आहे की ती वाट चुकवू नका. बहुतेक लोक खालच्या दरवाजापासून बसने चोंगताईला जातात, केबल कारने वर, शिखरावरच्या सुवर्णमंदिरासमोर फोटो, तशीच केबल कार, खाली. अर्ध्या दिवसात डोंगर "झाला".

इथला देव झेनवू, उत्तर दिशेचा राखणदार. केस मोकळे, पाय अनवाणी, आणि सोबत कासवाला विळखा घातलेला साप. ही कासव-सापाची जोडी डोंगरावर जिथेतिथे भेटते. कथा अशी, की हा राजपुत्र राज्य सोडून इथे तपाला आला. बरीच वर्षं झाली, हाती काही लागेना, तेव्हा कंटाळून घरी निघाला. वाटेत एक म्हातारी लोखंडाची जाड पहार दगडावर घासत बसलेली. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणे सुई करतेय. पोरगा आल्या पावली मागे फिरला. त्या जागी विहीर आणि छोटं देऊळ आहे. बस तिथूनच जाते, उतरत मात्र फार कोणी नाही.

वूडांगचं देवस्थान एवढं मोठं झालं ते झू दीमुळे, म्हणजे मिंग घराण्याच्या योंगल बादशहामुळे. याने १४०२ मध्ये सख्ख्या पुतण्याकडून गादी हिसकावली. त्याची ताकद उत्तरेत, आजच्या बीजिंगकडे. मग उत्तरेचा देवच आपल्या पाठीशी होता असं जाहीर करून टाकलं, आणि त्या देवाचे उपकार फेडायला १४१२ पासून वूडांगवर बांधकाम काढलं. तिकडे बीजिंगचा राजवाडा चाललेलाच होता. इथे सैनिक, कारागीर, मजूर मिळून तीन लाख माणसं राबली असं सांगतात.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. शिखराभोवती तट बांधायचा होता, तेव्हा याच बादशहाचा हुकूम होता की डोंगराच्या अंगाला तीळभरही धक्का लावायचा नाही. जमीन जशी जाईल तशी भिंत न्या. आज तटाशी उभं राहिलं की दिसतं: भिंत खडकाच्या कडेकडेने वर जाते, खाली येते, कुठे पोट आत घेते. एकही सरळ रेघ नाही. पुतण्याला न सोडणारा माणूस खडकाला इतका का जपतो, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

तर वाट. बस वूयालिंगला सोडते, ही कावळ्यांची खिंड. जुने यात्रेकरू इथे कावळ्यांना खाऊ घालायचे, कारण देवाला वाट दाखवणारा कावळा होता अशी श्रद्धा. तिथून नानयान. कड्याच्या पोटात कोरून बसवलेलं दगडी देऊळ, मिंगच्या आधीच्या युआन काळातलं. खांब, तुळया, दरवाजे, कौलं सगळं दगडाचं, पण घडण हुबेहूब लाकडाची. त्याच्या बाहेर दरीवर एक कोरीव दगडी तुळई आलीय, टोकाला ड्रॅगनचं डोकं, डोक्यावर उदबत्तीचं पात्र. त्यावरून चालत जाऊन उदबत्ती लावायची नि मागे न वळता उलट्या पावलांनी परत यायचं. लोक पडून मरायचे. १६७३ मध्ये शिलालेख लावून बंदी घातली, आज जाळीचं दार आणि कुलूप आहे.

नानयानहून पुढे लांगमेई देऊळ, पिवळ्या ड्रॅगनची गुहा, मग छाओत्येन. इथे वाट फुटते. एक मिंग काळातली, तीन स्वर्गद्वारांतून जाणारी, दुसरी नंतरची, त्यामानाने सोपी. मिंगचीच धरा. पायऱ्या अशा की पाऊल पुरतं मावत नाही, आडवं टाकावं लागतं. पहिलं द्वार दिसलं की पोचलो असं वाटतं. दुसरं दिसलं की पुन्हा वाटतं. तिसऱ्याला माणूस काही वाटून घेत नाही. दोन द्वारांच्या मध्ये एक बाई काकड्या विकत बसली होती. सालं काढायची तिची पद्धत अशी, की काकडी हातात फिरते आणि सुरी जागची हलत नाही. मीठ नाही, तिखट नाही, नुसती गार काकडी. दोन खाल्ल्या. नानयानपासून शिखर दोन ते तीन तास, फोटो काढणाऱ्यांना जास्त.

नवरा आणि सासूबाई केबल कारने आले होते, वर भेटलो. शिखराखाली ताईह महालात (इथे मोठ्या देवळालाच महाल म्हणतात) १३०७ चं एक छोटं ब्राँझचं देऊळ आहे. योंगलने वर नवं बसवलं तेव्हा हे जुनं खाली आणून विटांच्या खोलीत ठेवलं. देऊळ आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा आडवा जाईल एवढी काळोखी फट. तिच्यातून प्रदक्षिणा घातली की नशीब पालटतं म्हणतात. सासूबाई पदर खोचून शिरल्या, आतून आवाज, "अगं, इथे पुढचीचा अंबाडा लागतोय नाकाला!" बाहेर आल्या तेव्हा साडीच्या खांद्याला काजळी, चेहरा मात्र खुललेला. पालटलं का विचारलं तर म्हणाल्या, "आता गुडघे पालटले तर बघू."

वर सुवर्णमंदिर. १४१६ चं, तांब्याच्या मिश्रधातूचं, वर सोन्याचा मुलामा. भाग बीजिंगला ओतले आणि कालव्याने, नदीने इथवर आणले. जेमतेम साडेपाच मीटर उंच, पण वासे, कौलं, दाराच्या चौकटीवरची वेलबुट्टी, सगळं लाकूडकामासारखं आणि सगळं धातूचं. सांधे इतके घट्ट की आतला दिवा वाऱ्याने हलत नाही म्हणतात. मूर्ती अनवाणी झेनवूची. तोंडावळा योंगलचाच आहे ही कुजबुज चिनी लोक सहाशे वर्षं करताहेत.

विचारा काय विचारायचं ते.

खडीसाखर

झकास! फोटो दिसत नाहीयेत, गूगलवरून दिलेत का? पुन्हा चढवा. सासूबाईंना माझा नमस्कार.

निवांत

छान लिहिलंय. वडील सत्तरीचे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्यांना घेऊन जायचं मनात आहे. "केबल कार सोडा" हे वाचून धसका घेतला.

झुळूक

@निवांत, शीर्षक धडधाकट लोकांसाठी आहे हो. बाबांना खुशाल केबल कारने न्या. पण एक लक्षात ठेवा, केबल कार सोडते तिथून सुवर्णमंदिरापर्यंतही पायऱ्या आहेतच, आणि शेवटचा टप्पा उभा आहे. बाजूला साखळ्या आहेत, त्या धरून सावकाश जायचं. वाटेवर डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. आणि बाबांना जमलं नाही तरी झिशियाओ महाल दाखवाच. बस जवळ जाते, पायऱ्या आहेत पण बेताच्या. संध्याकाळच्या पाठाच्या वेळी जा. निळ्या झग्यातले, केसांचा बुचडा बांधलेले ताओ साधू-साध्वी दोन रांगांत उभे राहतात, लाकडी ठोक्यावर ताल आणि एका सुरात पाठ. कोणी तुम्हाला हटकत नाही, कोणी तुमच्यासाठी करतही नाही. मला शिखरापेक्षा तो अर्धा तास जास्त भावला.

नाठाळ

म्हणजे गादी चोरली, देवाच्या नावाने पावती फाडली, आणि तीन लाख लोकांना डोंगरावर जुंपलं. याला आपण "पवित्र पर्वत" म्हणायचं? हा तर सहाशे वर्षं जुना जाहिरात फलक झाला.

बखरबहाद्दर

@नाठाळ, घाई करताय. योंगलने रिकाम्या डोंगरावर देव आणून बसवला नाही. झिशियाओ महाल मुळात सोंग बादशहा हुइत्सोंगच्या काळातला, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. १४१३ मध्ये तो नव्याने बांधला. नानयानचं दगडी देऊळ योंगलच्या शंभर वर्षं आधीचं. झुळूकताईंनी सांगितलेलं ब्राँझचं देऊळ १३०७ चं, ते कोणा बादशहाचं नव्हे, भाविकांच्या वर्गणीतून आलेलं. माणसं आधीपासून येत होती. बादशहाने चालत्या गाड्यात बसून घेतलं, एवढंच. राजाला मान्यता हवी असते तेव्हा तो जिथे आधीच गर्दी आहे तिथेच जातो.

हां, प्रमाण मात्र त्याने बदललं. पायथ्याच्या जुनझोऊ गावापासून शिखरापर्यंत दगडी वाट आणि वाटेवर महाल, मठ, पूल, अशी पूर्ण रचना त्याची. यात्रेकरू खालून निघायचा तो टप्प्याटप्प्याने माणसांच्या जगातून देवाच्या जगात जावा, ही कल्पना. म्हणून केबल कारने गेलं की मधलं सगळं वाक्य गाळून पूर्णविराम वाचल्यासारखं होतं. ताईंशी सहमत.

नाठाळ

वर्गणीचं माहीत नव्हतं. ते आवडलं. बाकी मत कायम.

डोंगरवेडा

माफ करा, पण चालायचंच असेल तर हुआशानला जा. वूडांगच्या पायऱ्या म्हणजे पायऱ्याच शेवटी. हुआशान नागडा ग्रॅनाइट, दक्षिण शिखर २१५४ मीटर, चीनच्या पाच महापर्वतांत सगळ्यात उंच. तोही ताओ पंथाचाच. शीआनवरून वेगवान गाडीने अर्ध्या तासात पायथा. रात्री टॉर्च लावून जुन्या वाटेने चढायचं आणि पूर्व शिखरावर सूर्योदय, हा तिकडच्या कॉलेजच्या पोरांचा आवडता उद्योग. कड्यातल्या पायऱ्या इतक्या उभ्या की पुढच्याचे बूट तुमच्या कपाळासमोर. साखळ्यांना लाखो कुलुपं आणि लाल फिती.

बखरबहाद्दर

हुआशानची एक गोष्ट भारी आहे. तिथे छन तुआन नावाचा ताओ साधू राहायचा, महिनोन्‌महिने झोपण्यासाठी प्रसिद्ध. पुढे सोंग घराण्याचा पहिला बादशहा झालेल्या चाओ क्वांगयिनशी तो बुद्धिबळ खेळला आणि पैजेत अख्खा डोंगर जिंकला. तेव्हापासून हुआशानला सारा माफ. दंतकथाच, पण तिथल्या पूर्व शिखराखाली बुद्धिबळाचा मंडप आहे.

झुळूक

@डोंगरवेडा, दोन्ही केलेत. हुआशानला पायांचं समाधान झालं, पण देवळं तिथे वाटेत लागतात म्हणून बघितली जातात. वूडांगला देवळांसाठी चालणं होतं. शिवाय हुआशानला सुट्टीच्या दिवशी गेलात तर चढणं नाही, रांगेत उभं राहणं होतं.

फोडणी

महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारतच नाहीये. शाकाहाऱ्यांनी काय खायचं? आमच्याकडे साबा (सासूबाई) चातुर्मास पाळतात, कांदा-लसूणही नाही.

झुळूक

@फोडणी, तुमच्या साबांचं इथे अख्ख्या चीनपेक्षा बरं होईल. इथले साधू च्वानचन परंपरेतले. लग्न करत नाहीत, मांस खात नाहीत, आणि कांदा, लसूण, त्या कुळातल्या उग्र भाज्याही वर्ज्य. काही मठांत पाहुण्यांना साधं जेवण मिळतं: भात, टोफू, कोबी, मुळा, बांबूचे कोंब, वाफाळलेला पाव. वेळा कडक असतात, चुकलात तर उपास. ताटात टाकायचं नाही, शेवटचं शीतही संपवायचं.

बाहेरच्या हॉटेलांत "वो छी सू" म्हणा, मी शाकाहारी आहे. तेवढ्याने भागत नाही. डुकराची चरबी आणि चिकनचं पाणी हे त्यांच्या लेखी "मांस" नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. सगळं चिनी अक्षरांत फोनमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा. सोबत मेतकूट, चटणी, थालीपीठ असू द्या. सासूबाईंनी लिंबाचं लोणचं नेलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चव घेतली आणि लगेच गरम पाणी मागवलं.

एमबीबीएस_हूबेई

अरे वा, आमच्या गावचा धागा! मी शियेनला मेडिकलला होतो, वूडांग त्याच शहराच्या हद्दीत येतं. मराठी पोरं बरीच होती बॅचला. थोडी भर घालतो.

थंडीत जाल तर बर्फाची तयारी ठेवा. पायऱ्यांवर काचेसारखा थर बसतो. बुटांना बांधायच्या लोखंडी काट्यांच्या जोड्या स्वस्तात मिळतात, पण खाली घेऊन ठेवा. बर्फात सुवर्णमंदिर बघणं मात्र लाखमोलाचं. चिनी तिसऱ्या महिन्याची तृतीया झेनवूचा जन्मदिवस आणि नवव्या महिन्याची नवमी स्वर्गारोहणाची तिथी. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून झेंडे, ढोल घेऊन माणसं येतात. गर्दी सोसत असेल तर तेव्हाच जा, देव तेव्हा जागा असतो. १ ऑक्टोबरचा सरकारी सुट्टीचा आठवडा मात्र टाळा, तेव्हा नुसते पर्यटक.

आणि बखरबहाद्दर, तुम्ही म्हणता ते जुनझोऊ आता नाही. दानजियांगकोऊ धरणात गेलं, ज्या महालापासून यात्रा सुरू व्हायची तोही गेला. उजनीत पळसदेव गेलं तसं, फक्त हे उन्हाळ्यात वर येत नाही. त्याच धरणाचं पाणी २०१४ पासून थेट बीजिंगला जातं.

बखरबहाद्दर

@एमबीबीएस_हूबेई, धन्यवाद. यूझनचं काय झालं, उचललं ना?

एमबीबीएस_हूबेई

हो. यूझन महाल पायथ्याशी होता. २००३ च्या जानेवारीत त्याचं मुख्य दालन आगीत जळलं. तेव्हा तिथे एक खाजगी कुंगफू शाळा भाड्याने चालायची. नंतर बीजिंगला पाणी न्यायला धरणाची उंची वाढवली, आणि उरलेला महाल बुडणार असं दिसलं. मग दगडी दरवाजे जॅक लावून जागच्या जागी पंधरा मीटर उचलले आणि खाली भराव टाकला. हजारो टन वजन, रोज थोडं थोडं वर. बाकीचे भाग क्रमांक टाकून सुटे केले आणि वर पुन्हा जोडले. डोंगराला तीळभर धक्का नको म्हणणाऱ्या बादशहाला हे दाखवायला हवं होतं.

नाठाळ

हा प्रतिसाद वेगळा धागा मागतोय. काढा.

ताईची_दर_रविवारी

कोणीच चांग सानफंगचं नाव काढलं नाही? ताई-ची इथेच जन्मली ना? मी पुण्यात बागेत शिकते, आमचे सर प्रत्येक वर्गात वूडांगचं नाव घेतात.

बखरबहाद्दर

सरांचा मान राखून सांगतो, इतिहासकारांना ते पटत नाही. चांग सानफंग नावाच्या साधूची कीर्ती मिंग काळात मोठी होती, योंगलने त्याला शोधायला माणसं पाठवल्याचं नोंदलेलं आहे. सापडला नाही. यूझन महाल त्याच्याच सन्मानार्थ बांधलेला. पण त्याचा आणि मुष्टियुद्धाचा संबंध सतराव्या शतकात पहिल्यांदा लिहिलेला दिसतो, आणि ताई-चीच्या आजच्या शैलींचा माग हेनान प्रांतातल्या छन घराण्याच्या गावापर्यंत जातो. साप आणि पक्ष्याची झुंज बघून त्याला ही कला सुचली, ही गोष्ट मात्र सुंदर आहे.

झुळूक

@ताईची_दर_रविवारी, तरी जाच. पायथ्याच्या गावात शाळाच शाळा आहेत, परदेशी विद्यार्थी महिनोन्‌महिने राहतात. दर्जा मात्र सरसकट नाही, आधी पैसे भरून मोकळे होऊ नका. दोन दिवस बसून वर्ग बघा. सकाळी गावातल्या यूशू महालाच्या पडक्या पटांगणात जा. महाल बराचसा गेलाय, लाल भिंती आणि शिलालेख पाठीवर घेतलेली प्रचंड दगडी कासवं उरलीत. तिथे गावातले म्हातारेकोतारे ताई-ची करतात. मागे उभं राहून केलं तरी चालतं.

खडीसाखर

देवळात काही पथ्यं?

झुळूक

उंबऱ्यावर पाय नाही, ओलांडून जायचं. आपल्यालाही लहानपणी हेच सांगितलेलं असतं, त्यामुळे सोपं जातं. गाभाऱ्यातल्या मूर्तींचे फोटो नाहीत. उदबत्त्या तीन, पात्रात डाव्या हाताने खोचायच्या. नमस्कार आपल्यासारखा जोडून नाही, डावा हात उजव्या मुठीवर. आणि साधूंना वय विचारायचं नाही. सासूबाईंनी विचारलंच, मराठीत. सुदैवाने ते फक्त हसले.

निवांत

प्रवासाचं सांगा ना. व्हिसा, गाडी, पैसे?

झुळूक

व्हिसा लागतोच. काही देशांच्या लोकांना दहा दिवसांची व्हिसामुक्त सवलत मिळते, त्यात आपण नाही, त्यामुळे यूट्यूब बघून भुलू नका. भारतातून थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली, पण वुहानला जायचं तर कुठेतरी बदलावंच लागेल. वुहानच्या हानकोऊ स्टेशनवरून वूडांगशान पश्चिम स्टेशनपर्यंत वेगवान गाडी, साधारण दोन तास. तिथून बस किंवा टॅक्सी. सगळी तिकिटं पासपोर्टवर.

डोंगराचं तिकीट आणि आतल्या बसचं मिळून घ्यावं लागतं. सुवर्णमंदिर आणि झिशियाओची छोटी तिकिटं वेगळी. रोख कोणी घेतं, कोणी नाही. निघण्याआधी भारतातच अलीपे डाऊनलोड करून कार्ड जोडून घ्या. काकडीवालीकडेही क्यूआर होता.

मुक्काम वूयालिंगला करा, शक्य झालं तर एक रात्र शिखराजवळ. खोल्या साध्या आणि महाग, सामान माणसं खांद्यावरून वर नेतात म्हणून. परदेशी पासपोर्ट घेतात का हे फोन करून विचारा. आम्हाला एका ठिकाणी दारातून परत पाठवलं होतं.

डोंगरवेडा

उतरताना कुठली वाट? गुडघ्यांचा खरा हिशेब तिथे होतो.

झुळूक

चढताना मिंगची, उतरताना दुसरी, छाओत्येनपर्यंत. तिथून नानयानला परत येताना पुन्हा थोडा चढ लागतो, दमलेल्या पायांना तो फार लागतो. जीवावर येत असेल तर उतरताना केबल कार घ्या, तिथे मी काही म्हणणार नाही. फक्त शेवटची बस आणि शेवटची केबल कार किती वाजता हे सकाळीच विचारून ठेवा. ऋतूप्रमाणे वेळ बदलते.

निवांत

बाबांना धागा वाचून दाखवला. म्हणाले, केबल कार नको, डोलीही नको, नानयानपर्यंत जाईन आणि तिथेच बसेन, तुम्ही वर जाऊन या. एप्रिलचं बघतोय. @एमबीबीएस_हूबेई, ती तृतीया नेमकी कधी येते ते कळवा प्लीज, म्हणजे त्या तारखा धरायच्या की टाळायच्या ते ठरवतो.

एमबीबीएस_हूबेई

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बाबा बसणार असतील तर धरा. नानयानच्या कट्ट्यावर बसून त्यांना वर जाणाऱ्यांपेक्षा जास्त बघायला मिळेल.